बेकार तरुण आणि त्याचा पुरुषार्थ

'बेकार' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ रूढ आहेत. ज्याला नोकरीधंदा नाही तो माणूस बेकार, आणि जी कोणत्याही उपयोगाची नाही ती वस्तूही बेकार. हे दोन अर्थ एका शब्दात इतके सहज नांदतात, की ते निराळे आहेत हे बोलणाऱ्याच्या सहसा ध्यानातही येत नाही. बंगालीतही काम नसलेल्या तरुणाला हाच शब्द लावतात. याच्या जोडीला आपल्या घरगुती भाषेतील आणखी एक शब्द ठेवून पाहावा. कुटुंबातील मिळवत्या माणसास आपण 'कर्ता पुरुष' म्हणतो. एखादी स्त्री 'कर्तीसवरती' असते खरी, पण ती तिच्या प्रपंचातील हुशारीमुळे. तिच्या पगाराशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. मिळवतो तो कर्ता आणि कर्ता तो पुरुष, असा हा हिशेब आहे. पूर्वसूरींनी पुरुषार्थ चार सांगितले. शहरातील तरुणाच्या वाट्याला त्यांपैकी अर्थ हा एकच उरला, आणि त्याच्याही किल्ल्या दुसऱ्याच कोणाच्या कमरेला राहिल्या.

परकी सत्ता गेल्यानंतरच्या आपल्या मोठ्या शहरांतील तरुण पुरुषाचे चित्र साहित्यात, रंगभूमीवर आणि चित्रपटांत पुष्कळ आले आहे. त्याविषयी लिहिताना समीक्षक बहुधा 'वैफल्य' आणि 'बंडखोरी' या दोन शब्दांवर काम भागवितात. आम्हांस हे शब्द अपुरे वाटतात. आमचे म्हणणे असे, की समाजातील विषमता या तरुणापर्यंत विषमतेच्या रूपाने पोहोचतच नाही. ती त्याच्या पुरुषपणावरचा ठपका होऊन पोहोचते. नोकऱ्या थोड्या आणि उमेदवार फार, ही वस्तुस्थिती मागे पडते आणि 'तू कसला पुरुष?' हा प्रश्न पुढे येतो. प्रश्नाचे रूप असे पालटले, की त्याचे उत्तर तरुण वर बसलेल्यांकडे मागत नाही. आपल्याहून दुबळे जे कोणी हाताशी असेल, त्याच्याकडून तो ते वसूल करतो. बहुतेक वेळा ती घरातली किंवा गल्लीतली स्त्री असते. या विषयावरील कलाकृती पारखताना म्हणूनच दोन गोष्टी पाहाव्यात: ही वसुली लेखकाला दिसली आहे काय, आणि जिच्याकडून ती झाली तिच्यापर्यंत त्याची दृष्टी गेली आहे काय.

या परीक्षेसाठी आम्ही कलकत्ता व मुंबई ही दोन शहरे घेत आहोत. दोन्ही कंपनी सरकारच्या व्यापारावर वाढली. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढे गिरणी हाच शहराचा कणा झाला. कलकत्त्यात तागाच्या गिरण्या होत्याच; परंतु शिकलेल्या बंगाली तरुणाची दृष्टी खिळली होती ती इंग्रजी धाटणीच्या कंपन्यांच्या कचेऱ्यांवर. फाळणीने या शहरात निर्वासितांचे लोंढे आणले, साठनंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात कारखानदारीत मंदी आली आणि १९६७ मध्ये नक्षलबाडी घडले. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी वाचणाऱ्यांना शेजारच्या भाषेतील कलाकृती आपल्या कलाकृतींशेजारी ठेवून पाहण्याची सोय असते. तिचा लाभ येथे घ्यावयाचा आहे. कारण एकच व्यथा कलकत्त्यात मुलाखतीच्या खोलीत दिसते आणि मुंबईत नाक्यावर.

१

मृणाल सेन यांचा 'इंटरव्ह्यू' (१९७१) हा चित्रपट कथानकाच्या दृष्टीने अगदी साधा आहे. छापखान्यात बेताची नोकरी करणाऱ्या रणजितला एका परदेशी वळणाच्या कंपनीत चांगली जागा मिळण्याचा संभव असतो. ओळखीचे गृहस्थ आश्वासन देतात. अट एवढीच, की मुलाखतीला सूट घालून यावे. सूट धुलाईला दिलेला, आणि धुलाईवाल्यांचा नेमका संप. मित्राचा सूट उसना मिळतो, तो बसमधल्या खिसेकापूच्या भानगडीत हरवतो. शेवटी रणजित धोतर नि कुडता घालून मुलाखतीला जातो आणि नोकरी हातची जाते. चित्रपटाच्या आरंभी कलकत्त्यातील इंग्रज अधिकाऱ्यांचे पुतळे जागेवरून हलविले जात असल्याची दृश्ये आहेत. त्या दृश्यांचा पुढच्या गोष्टीशी काय संबंध, हे दिग्दर्शकाला सांगत बसावे लागत नाही. पुतळे उतरले, पण माणूस म्हणून उभे राहण्यासाठी लागणारा पोशाख ज्याचा त्याचाच राहिला.

या चित्रपटातील एका बारकाव्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे आम्हांस वाटते. रणजितची वाट अडते ती धुलाई कामगारांच्या संपाने. संपकरी त्याच्याहून गरीब आहेत, त्यांचे भांडण न्याय्यही असेल. परंतु त्या क्षणी रणजितला ते केवळ अडचण वाटतात. वर चढण्याची शिडी ज्याने एकदा धरली, त्याला खालच्या पायरीवरील माणसाचे दुःख हे आपल्याच दुःखाचे दुसरे टोक आहे हे कळत नाही. शेवटी संतापलेला रणजित दुकानाच्या काचेआड उभ्या असलेल्या सूटधारी पुतळ्यावर दगड घालतो. त्याचा राग निदान योग्य दिशेला गेला, असे म्हणता येईल. तथापि त्याच्या हाती लागतो तो लाकडाचा पुतळा, माणूस नव्हे.

सुनील गंगोपाध्याय यांच्या 'प्रतिद्वंद्वी' या कादंबरीवर सत्यजित राय यांनी १९७० मध्ये केलेला चित्रपट अधिक खोलात शिरतो. वडिलांच्या मृत्यूमुळे सिद्धार्थचे वैद्यकीय शिक्षण अर्धे राहिले आहे. मुलाखतीत त्याला गेल्या दहा वर्षांतील सर्वांत महत्त्वाची घटना विचारतात. तो चंद्रावर माणूस उतरल्याचे न सांगता व्हिएतनामी लोकांच्या लढ्याचे नाव घेतो, आणि पुढचा प्रश्न येतो तो त्याच्या राजकीय मतांचा. उत्तर चुकले म्हणून त्याला नाकारलेले नाही. माणूस गैरसोयीचा निघाला म्हणून नाकारले आहे.

येथवरची गोष्ट बेकारीवरच्या कोणत्याही कथेत सापडेल. 'प्रतिद्वंद्वी'चे वेगळेपण सिद्धार्थच्या घरात आहे. धाकटा भाऊ टुनू नक्षलवादी चळवळीत ओढला गेला आहे आणि बहीण सुतपा नोकरी करते. घर चालते ते तिच्या पगारावर. तिच्या वरिष्ठाबद्दल कुजबुज सुरू होते, आणि सिद्धार्थला एकाएकी आपल्या मोठ्या भावाच्या पदाची आठवण होते. तो त्या वरिष्ठाच्या घरी जाब विचारायला जातो, आणि काही न बोलता परततो. हे दृश्य विलक्षण आहे. मुलाखत घेणाऱ्यांपुढे जे त्याला साधले नाही, ते येथे साधेल अशी त्याची कल्पना असते. बहिणीची अब्रू हे त्याला आपल्या पुरुषपणाचे शेवटचे खाते वाटते. तेवढ्या खात्यात तरी शिल्लक असेल, असा त्याचा भरवसा. परंतु ज्याच्याकडे बंगला आहे, त्याच्यापुढे भाऊपणाही तोकडा पडतो. उरते ते घरी येऊन बहिणीवर डाफरणे. सुतपा मात्र शांत आहे. तिला नोकरी सोडायची नाही. तिची स्वतःची स्वप्ने आहेत, आणि त्यांसाठी दिग्दर्शक तिला शिक्षा करीत नाही. राय यांची दृष्टी भावाच्या संतापात अडकून पडलेली नाही, याची हीच खूण होय.

शेवटच्या मुलाखतीचा प्रसंग प्रसिद्ध आहे. उन्हाळ्याच्या काहिलीत बोळासारख्या जागेत उमेदवारांची गर्दी, बसायला मोजक्या खुर्च्या. एक उमेदवार भोवळ येऊन पडतो. वैद्यकशास्त्र शिकलेल्या सिद्धार्थच्या डोळ्यांना क्षणभर सगळे उमेदवार सांगाडे दिसू लागतात. तो आत घुसतो, टेबल उलथून टाकतो. या उद्रेकाची पुष्कळ वाखाणणी झाली आहे. आमच्या मते त्याचे महत्त्व उलथलेल्या टेबलात नसून त्याआधीच्या मागणीत आहे. सिद्धार्थ खुर्च्या मागतो, आणि त्या सर्वांसाठी मागतो. त्याची ही एकच कृती अशी आहे, की जिच्यात तो आपल्या पुरुषपणाच्या जमाखर्चातून बाहेर पडून रांगेतला एक माणूस म्हणून बोलतो. ही कृती त्याला नोकरी मिळवून देत नाही. बालुरघाटसारख्या दूरच्या गावी औषधे विकण्याचे काम पत्करून त्याला शहर सोडावे लागते.

'शंकर' या नावाने लिहिणाऱ्या मणिशंकर मुखोपाध्याय यांच्या कादंबरीवरील राय यांचा 'जनअरण्य' (१९७६) तर आमच्या विधानाचा जणू पुरावाच आहे. तपासनीसाला आपले बारीक अक्षर वाचता न आल्यामुळे सोमनाथची परीक्षा बिघडते. तो नोकरीचा नाद सोडून दलालीच्या धंद्यात पडतो. लिफाफ्यांपासून रसायनांपर्यंत जे कोणाला हवे ते कोठून तरी आणून द्यायचे. हळूहळू तो 'कामाचा' होत जातो. एक मोठे कंत्राट मिळावे म्हणून गिऱ्हाइकाला खूश करण्याची वेळ येते, आणि त्यासाठी जी मुलगी आणली जाते ती त्याच्या बेकार मित्राची, सुकुमारची, बहीण कणा निघते. सोमनाथ तिला ओळखतो. परत जा, असेही सुचवितो. पण ती पैसे घ्यायला आली आहे, फुकट परतायला नव्हे. आणि तोही अखेर तिला हॉटेलच्या खोलीत पोहोचवून देतो. कंत्राट मिळते. घरी आल्यावर काम झाल्याचे तो वडिलांना सांगतो आणि वडिलांना हायसे वाटते. मुलगा मार्गी लागला, कर्ता झाला. त्या कर्तेपणाची किंमत कोणी मोजली हे दोघांनाच ठाऊक आहे. त्यांपैकी एक गप्प बसतो आणि दुसरी पडद्यावरून निघून गेलेली असते. बापाचा सुटकेचा निःश्वास आणि त्या मुलीची अनुपस्थिती यांना एकत्र ठेवणारा हा शेवट भारतीय चित्रपटांतील अत्यंत कठोर शेवटांपैकी एक होय.

२

मुलाखतीला बोलावणे येण्यासाठीही काही भांडवल लागते: पदवी, इंग्रजीचे दोन शब्द, एखादा ओळखीचा गृहस्थ. ज्यांच्यापाशी तेही नाही, त्यांच्यासाठी मुंबईने नाका ठेवला. तेथे उभे राहण्यास पैसे पडत नाहीत आणि वरच्या एका खोलीत सात-आठ माणसे झोपत असतील तर खाली उभे राहणेच सोयीचे. भाऊ पाध्ये यांचे 'वासूनाका' १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मराठी वाचकाने हा नाका प्रथमच त्याच्या स्वतःच्या भाषेत ऐकला. पोक्या हा त्या टोळक्यातलाच एक. तो आपल्या मित्रांच्या गोष्टी सांगतो, आणि त्यांतल्या बहुतेक गोष्टी पोरींच्या असतात.

पुस्तकावर अश्लीलतेचा आरोप झाला. आचार्य अत्रे यांनी त्याच्यावर कडाडून हल्ला चढविला. उलट बाजूने त्याच्या धीट वास्तववादाचा गौरव झाला. आज त्या वादाकडे पाहिले, तर दोन्ही पक्ष शब्दांवरच भांडत होते असे दिसते. एकाला शिव्या सोसल्या नाहीत, दुसऱ्याला शिव्यांचेच कौतुक. नाक्यावरच्या बोलण्याचा आर्थिक अर्थ कोणी फारसा विचारला नाही. नाक्यावर कोणाकडे पगार नाही, जागा नाही, पदवी असली तरी तिला किंमत नाही. तरीही तेथे श्रेष्ठ-कनिष्ठ ठरावेच लागते. कारण माणसे एकत्र आली की उतरंड मांडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मग ज्यांच्यापाशी दुसरे नाणे नाही, ते पोरींच्या गोष्टींचे नाणे पाडतात. कोणाकडे कोणी पाहिले, कोण कोणाला फिरवतो, यावर पत वाढते आणि उतरते. गोष्ट खरी असलीच पाहिजे असे नाही. ती नाक्यावर चालली म्हणजे झाले. पाध्ये यांचे मोठेपण असे, की त्यांनी हा बाजार उपदेशाचा एकही शब्द न घालता, त्यातल्याच एका मुलाच्या सपाट आवाजात मांडला. त्या सपाटपणामुळे पोरांचा पोकळपणा आपोआप उघडा पडतो.

परंतु येथेच त्या पुस्तकाची मर्यादाही आहे. सारे काही पोक्याच्या तोंडून येत असल्यामुळे मुलगी नाक्यावरून जेवढी दिसते, तेवढीच वाचकाला दिसते. पोक्याच्या आवाजात मधूनच कणव डोकावते, ती खरीही वाटते. पण ज्या मुलीच्या नावावर हे नाणे पाडले गेले, तिला त्या रस्त्यावरून रोज जावे लागताना काय वाटत असेल, हे नाक्याच्या कक्षेबाहेरच राहते. राय यांची सुतपा भावाला उत्तर देते. नाक्यावरच्या मुलीला उत्तर देण्याची संधी पाध्ये यांनी निवडलेल्या निवेदनपद्धतीत मिळत नाही. पद्धत समर्थ आहे हे मान्य करूनही ही उणीव नमूद करणे आवश्यक आहे.

नाक्यावरच्या या रिकाम्या शक्तीला पुढे काय झाले, हे इतिहासाला ठाऊक आहे. १९६० मध्ये सुरू झालेल्या 'मार्मिक' साप्ताहिकाने मुंबईतील कंपन्यांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या, आणि १९ जून १९६६ रोजी, म्हणजे 'वासूनाका'नंतर वर्षभरातच, शिवसेनेची स्थापना झाली. मराठी तरुणाला नोकरी मिळत नाही ही तक्रार निराधार नव्हती. पण ती मांडण्याची भाषा हक्काची कमी आणि मर्दपणाची जास्त होती. आपल्या राजकारणात कोणत्याही पक्षाच्या लोकांना विरोधकाला बांगड्यांचा आहेर करण्यात आजही संकोच वाटत नाही. बांगडी भरणाऱ्या हातांनी या शहरात किती संसार तारले, हे त्या आहेराच्या वेळी कोणालाच आठवत नाही.

३

एक आक्षेप येथे घेता येईल. ही सारी चर्चा नोकरी नसलेल्यांची झाली. नोकरी मिळाली की पुरुषपणाचा प्रश्न सुटतो, असे मग का म्हणू नये? या आक्षेपाचे उत्तर बाबूराव बागूल यांनी १९६३ मध्येच देऊन ठेवले आहे. 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेतील तरुणाला नोकरी मिळालेली आहे. रेल्वेतल्या त्या नोकरीसाठी तो गुजरातेत, सुरतेजवळच्या उधन्याला, उतरतो तेव्हा त्याचे मन आनंदाने भरून गेलेले असते. पण राहायला जागा हवी, आणि जागा देणारा आधी जात विचारतो. तो जात लपवितो. त्याच्या कवित्वामुळे रामचरण तिवारी त्याला मान देतो, घरी बोलावतो. त्याच कारखान्यात काशिनाथ सपकाळ हा दुसरा दलित कामगार आहे. तो जात लपवीत नाही, कमरेला हत्यार बाळगतो आणि अपमान झाला की उलटून उभा राहतो. अखेर जात उघडकीस येते, ज्यांनी मान दिला तेच मारायला धावतात, आणि काशिनाथ त्याला सोडवितो.

या कथेत पुरुषपणाच्या दोन वाटा समोरासमोर ठेवल्या आहेत. एक लेखणीची, एक हत्याराची. एका वाटेवर मान मिळतो, पण तो चोरीचा. दुसरीवर मान मिळतच नाही, फक्त भीती मिळते. पगार दोघांनाही आहे. कलकत्त्याच्या सिद्धार्थला जो प्रश्न खोलीबाहेर छळतो, तो बागुलांच्या नायकाला खोलीच्या आत गेल्यावर छळतो. 'तुझी जात काय?' हीच त्याची मुलाखत, आणि ती कधीच संपत नाही. शहरात जात विरघळते ही समजूत किती वरवरची आहे, हे मुंबईच्या गिरण्यांनीही दाखविले होते. विणकाम खात्यात धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढून घ्यावे लागे. तेवढ्या कारणावरून अधिक पगाराच्या त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना शिरू दिले जात नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. कामगार म्हणून जे छाती पुढे काढून एकत्र चालत होते, त्यांच्यातही ही रेघ ओढलेली होती.

बागुलांनी आपल्या माणसांनाही सूट दिलेली नाही, हे त्यांच्या लेखनाचे आणखी एक बळ. त्यांच्या 'आई' या कथेत वस्तीतील एक शाळकरी मुलगा आपल्या विधवा, कष्टकरी आईकडे संशयाने पाहू लागतो. बापाने जो संशय जपला, तोच मुलाच्या हाती येतो. पुरुष होणे म्हणजे घरातल्या स्त्रीवर पहारा करणे, हा धडा त्याला मिशा फुटण्याआधीच मिळालेला आहे. वरून होणारा अन्याय आणि खाली होणारी वसुली या दोन्ही गोष्टी एकाच लेखकाने एवढ्या ताकदीने दाखविल्याची उदाहरणे फार नाहीत.

याच वर्षी, १९६३ मध्ये, भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आली. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकतो, शहराला कंटाळतो, गावी परततो. त्याच्या अलिप्ततेचे मराठी तरुणांनी एवढे कौतुक केले, की ती तिच्या काळाची खूण ठरली. कादंबरीच्या श्रेष्ठत्वाबद्दल आम्हांस शंका नाही. पण बागुलांच्या कथेशेजारी ती ठेवली, की एक गोष्ट लख्ख दिसते. पांडुरंगाला परतण्यासाठी वडिलांचे घर आणि शेत आहे. शहराला नाकारण्यासाठीही मागे काहीतरी असावे लागते. बागुलांच्या नायकाला परतीचे गावच नाही. कारण गावातच तर जात आहे.

४

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप यशस्वी झाला नाही, आणि पुढे गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक या मोडतोडीनंतरच्या एका चाळीतील घराचे आहे. धुरी कुटुंबातील मुलगे पाहा: एकाला लेखक व्हायचे आहे, एक क्रिकेटच्या नादात, एक गुंडगिरीच्या वाटेवर. बापाची पिढी गिरणीच्या भोंग्यावर उठत होती. या मुलांना कोणताच भोंगा उठवीत नाही. पुरुष होण्याचा जो एक ठरलेला मार्ग होता तो बंद झाल्यावर प्रत्येकजण आपापली पायवाट काढतो आणि एकही पायवाट कोठे पोहोचत नाही. घर उभे राहते ते आईच्या आणि मुलीच्या आधारावर. पवारांनी नाटक रस्त्यावर नेले नाही, घरातच ठेवले, हा त्यांचा निर्णय आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. संप हा मैदानावरच्या पुरुषांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. त्याचा ताळेबंद चुलीपाशी मांडला गेला.

मुंबई-कलकत्त्याबाहेरचे एक अलीकडचे उदाहरण देऊन हे विवेचन आवरतो. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) गाजला तो त्याच्या संगीतामुळे, पूर्वार्धातील प्रेमामुळे आणि भयंकर शेवटामुळे. मधला भाग, जो हैदराबादेत घडतो, त्याची चर्चा त्या मानाने थोडी झाली. बड्या घरातली आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबातला परश्या पळून हैदराबादच्या झोपडवस्तीत आश्रय घेतात. गावात बुलेट आणि ट्रॅक्टर चालविणारी आर्ची कारखान्यात कामाला जाते. परश्या डोशाच्या गाडीवर राबतो. पूर्वार्धात परश्या किती कोवळा, किती निर्मळ होता! तोच परश्या आर्चीचे एका सहकाऱ्याशी बोलणे पाहून संशयाने पेटतो आणि तिच्यावर हात उगारतो. आर्ची निघून जाते, तो स्वतःच्या जिवावर उठतो, पुढे दोघे पुन्हा एकत्र येतात. हा भाग अनावश्यक लांबला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमच्या दृष्टीने तोच चित्रपटाचा कणा आहे. गावातली विषमता परश्याने प्रेमाच्या बळावर ओलांडली. परंतु परक्या भाषेच्या शहरात, हातात पुरेसा पैसा नसताना, त्याने आधाराला घेतले ते आर्चीच्या बापाचेच हत्यार: बाईवरचा पहारा. बापाकडे ते सत्तेचे हत्यार आहे आणि परश्याकडे अगतिकतेचे, एवढा फरक जरूर आहे. पण मार सोसणाऱ्याच्या गालाला हा फरक कळत नाही. मंजुळे परश्याला खलनायक करीत नाहीत आणि त्याला माफही करून टाकीत नाहीत. आर्चीला जाऊ देतात आणि परत येण्याचा निर्णय तिच्याच हाती ठेवतात.

मुलाखतीच्या बोळातली ती गर्दी आता स्पर्धापरीक्षांच्या केंद्रांबाहेर दिसते. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेभरतीच्या परीक्षेवरून बिहार व उत्तर प्रदेशात तरुण रस्त्यावर आणि रुळांवर उतरले, तेव्हा सिद्धार्थने मागितलेल्या खुर्च्यांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. अशा तरुणांवर कथा-कादंबऱ्या लिहिल्या जातील, लिहिल्या जात आहेत. त्यांना दाद देताना आपण केवळ संतापाच्या धारेवर भाळू नये. रागावलेला तरुण रंगविणे आता अवघड राहिलेले नाही. त्याचे साचे तयार आहेत. तो राग कोठून आला हे पुष्कळांना सांगता येते. तो संध्याकाळी घरी येऊन कोणावर उतरतो, हे सांगणारा लेखक मात्र विरळा. बेकार भावाची कादंबरी मिळवत्या बहिणीच्या जागेवरून लिहिलेली वाचावयास मिळावी, आणि त्या कादंबरीत भावालाही न्याय मिळावा, एवढी अपेक्षा नव्या लेखकांकडून आम्ही बाळगतो.